ताकद वेगळी, ताठपणा वेगळा : जुन्या मोटारींच्या पाट्यांचे मोजमाप



मोटारीच्या स्प्रिंगला दोन आकडे लागतात. ती किती वजन पेलते हा पहिला. किती वजनाला किती दबते हा दुसरा. पहिला आकडा ताकदीचा, दुसरा ताठपणाचा. ताकद वेगळी आणि ताठपणा वेगळा, हे एकदा सांगितले की सोपे वाटते. पण मोटार जन्माला आल्यावर पहिली चाळीसेक वर्षे कारखानदारांची मोठी मेहनत या दोन गोष्टी निराळ्या करण्यातच खर्ची पडली. ताकदीचा आकडा सगळ्यांना हवा होता, कारण पाटा तुटला तर गाडी रस्त्यात पडते. ताठपणाचा आकडा फार उशिरा मागितला गेला.

पाट्याची रचना इथे फार समजावायला नको. महामार्गावर थांबलेल्या कुठल्याही ट्रकच्या चाकाशी ती उघडी दिसते. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. त्यातला सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याची दोन्ही टोके नळीसारखी वळवलेली आणि त्यात बुश बसवलेले. बाकीचे पाटे क्रमाने आखूड. मधोमध सेंटर बोल्ट, बाजूंना क्लिपा, आणि सगळी चळत अ‍ॅक्सलला यू-बोल्टांनी आवळलेली. एक टोक चासीला पक्के असते, दुसरे शॅकलवर झुलते. ते झुलते का ठेवावे लागते? बाकदार पाटा दबला की सरळ होतो, आणि सरळ झाला की दोन टोकांतले अंतर वाढते. शॅकल नसता तर पाट्याला दबायला वावच उरला नसता. शेतातली बंडी यातल्या कशावाचूनही चालते, आणि म्हणूनच पांदणीवरचा प्रत्येक खळगा बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचतो.

मोटारीला हा पाटा घोडागाडीकडून मिळाला. लंडनचे गाडीकारागीर ओबाडिया इलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळी स्प्रिंगा गाडीखाली बसवल्या. दोन बाकदार चळती एकमेकींकडे तोंड करून जोडलेल्या. त्यामुळे गाडीखालचा जड लाकडी दांडा काढून टाकता आला आणि गाडी हलकी झाली. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीतही मागे अशाच स्प्रिंगा होत्या, आणि पुढच्या एकुलत्या चाकाला स्प्रिंगच नव्हती. घोडागाडीवाल्यांचे मोजमाप लांबी, रुंदी, पाट्यांची संख्या आणि ‘एवढ्या वजनाच्या गाडीला चालते’ हा अनुभव एवढ्यावर भागत असे. घोड्याच्या वेगाला ते पुरले. त्याच पाट्यांवर इंजिन आले, गाडी तासाला चाळीस-पन्नास किलोमीटर धावू लागली, आणि गचके असह्य झाले. पाटे तुटत नव्हते. मग चुकत काय होते?

याचे उत्तर कागदावर आधीच तयार होते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम छापून प्रसिद्ध केला होता: भार जेवढा वाढवावा, तेवढ्या प्रमाणात ती दबते. भाराला दबलेल्या अंतराने भागले की एक आकडा येतो, आणि तो त्या स्प्रिंगचा कायमचा आकडा असतो. किलो प्रति सेंटीमीटर. स्प्रिंगचा रेट म्हणतात तो हाच. पट्ट्यांच्या चळतीचे गणित फ्रेंच अभियंता एदुआर फिलिप्स यांनी १८५२ मध्ये रेल्वेच्या स्प्रिंगांसाठी मांडले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती त्याच्या पुढच्या वर्षी, आणि नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये. म्हणजे नागपुरात आगगाडी आली तेव्हा पाट्याचे गणित पंधरा वर्षांचे जुने होते. मोटार बनवणाऱ्या बहुतेकांनी मात्र आपले पाटे घोडागाडीच्या अंदाजाने निवडले. शेजारच्या धंद्यात तयार असलेले ज्ञान आपल्या धंद्यात यायला पन्नास वर्षे लागावीत, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसणारी आणि मनाला लागणारी गोष्ट आहे.

ते गणित एका उदाहरणावर पाहणे बरे. जुन्या मध्यम मोटारीचा एक पाटा घ्यावा: दोन टोकांतले अंतर १०० सेंटीमीटर, रुंदी ५० मिलिमीटर, प्रत्येक पाटा ६ मिलिमीटर जाड, एकूण ७ पाटे. रुंदी आणि पाट्यांची संख्या यांच्या सरळ प्रमाणात ताठपणा वाढतो. जाडीच्या मात्र घनाने वाढतो, आणि लांबीच्या घनाने कमी होतो. पोलादाचा लवचिकतेचा ठरीव अंक घालून हिशेब केला की या चळतीचा रेट सुमारे ४२ किलो प्रति सेंटीमीटर येतो. तीनशे किलो भार ठेवला तर ती साधारण ७.१ सेंटीमीटर दबेल.

आता पाटे ६ ऐवजी ७ मिलिमीटरचे घ्यावेत. एक मिलिमीटरने काय बिघडते? रेट ४२ वरून ६७ वर जातो. जवळजवळ साठ टक्के वाढ. तोच तीनशे किलो भार आता साडेचार सेंटीमीटरच दाबतो. उलट, जाडी ६ ठेवून पाट्याची लांबी १०० ची १२० केली तर रेट २५ च्या खाली येतो. म्हणूनच जुना पाटा मोजताना रुंदी फूटपट्टीने मोजली तरी चालते, जाडी मात्र व्हर्नियर कॅलिपरनेच मोजावी लागते, आणि तीही गंज खरवडून, पाटा सुटा करून, जिथे झीज नाही अशा जागी. जाडीत पाच टक्के चूक झाली तर रेटमध्ये सोळा टक्के चूक होते.

ताकदीचा हिशेब निराळा चालतो. ती जाडीच्या वर्गाने वाढते. समजा, चळतीची एकूण उंची ४२ मिलिमीटर तेवढीच ठेवली आणि ६ मिलिमीटरच्या ७ पाट्यांऐवजी ७ मिलिमीटरचे ६ पाटे घातले. ताकद सतरा टक्के वाढली. ताठपणा छत्तीस टक्के वाढला. बाहेरून दोन्ही चळती सारख्याच दिसतात. नजरेने निवडणाऱ्याला यातला फरक कसा कळावा?

पाटे दुरुस्त करणाऱ्या दुकानांत ‘एक पाटा वाढवा’ ही रोजची मागणी असते. रेतीची, कोळशाची, संत्र्याची खेप जड झाली की गाडीमालक हेच सांगतो. सातावर आठवा पाटा त्याच जाडीचा चढवला तर ताकद आणि ताठपणा दोन्ही चौदा टक्के वाढतात. भरलेल्या गाडीला ते मानवते, रिकामी गाडी मात्र उधळते. पण पुष्कळदा हाताशी असलेला जाड पाटा चढवला जातो. सहाच्या चळतीत आठ मिलिमीटरचा. चळतीतले सगळे पाटे एकत्रच वाकतात, आणि सारख्याच वाकलेल्या दोन पट्ट्यांत जाड पट्टीच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. इथे तो एक तृतीयांशाने जास्त येईल. परिणाम असा की आधारासाठी घातलेला नवा पाटाच सर्वांत आधी तुटतो, आणि दोष पोलादाला दिला जातो. दोष पोलादाचा नसतो.

पोलादाची गोष्ट तर नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीच्या शेजारचीच आहे. मनसर आणि कांद्री इथले मँगनीज १९०० च्या सुमारापासून खणून काढले जाऊ लागले. भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवरचा आपला मोठा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मध्य प्रांतातल्या या पट्ट्याला मानाची जागा आहे. आज या खाणी मॉइल ही कंपनी चालवते. इथले खनिज त्या काळात रेल्वेने बंदराकडे आणि बोटीने परदेशातल्या पोलाद-भट्ट्यांकडे जात असे. त्याच वर्षांत मोटारींच्या स्प्रिंगांसाठी सिलिकॉन-मँगनीज पोलाद वापरात येत होते: अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन, दीड-दोन टक्के सिलिकॉन, आणि एक टक्क्याच्या आतबाहेर मँगनीज. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ च्या मॉडेल टी गाडीसाठी व्हॅनेडियम पोलाद निवडले आणि त्याचा मोठा गाजावाजा केला.

अशा मिश्रधातूने पाटा ताठ होतो का? होत नाही. साधे कार्बन पोलाद असो, व्हॅनेडियमचे असो की मँगनीजचे, लवचिकतेचा अंक जवळजवळ तोच राहतो. त्याच मापाचा पाटा कुठल्याही पोलादाचा केला तरी तेवढ्याच भाराला तेवढाच दबेल. मँगनीज आणि सिलिकॉन वाढवतात ती ताकद: तेलात विझवून पाणी दिलेला असा पाटा फार वाकला तरी परत मूळ बाकावर येतो. ही ताकद हाती आली म्हणून पाटे पातळ करता आले, आणि पातळ केल्यामुळे ते मऊ झाले. मोटारीचा प्रवास सुखाचा झाला तो या वळणाने. मनसरच्या डोंगरातल्या काळ्या दगडाचा आणि त्या सुखाचा संबंध इतका सरळ आहे.

याच्याच उलट बाजूने एक गैरसमज चालतो. गाडी एका अंगाला झुकली, पाटा बसला, की तो मऊ झाला असे म्हणतात. बसलेल्या पाट्याने आपला बाक गमावलेला असतो. ताठपणा गमावलेला नसतो. पाटा उतरवून पुन्हा बाक दिला तर गाडीची उंची परत येते, रेट होता तेवढाच राहतो. उंचीची तक्रार आणि गचक्यांची तक्रार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आता प्रत्यक्ष मोजणी. कार्यशाळेत चळत उलटी, म्हणजे कमानीसारखी, दोन टोके लहान चाकांच्या गाड्यांवर टेकवून ठेवतात, म्हणजे टोकांना मोकळेपणी सरकता यावे. प्रथम तिला कामाच्या भाराहून जास्त भार देऊन दोन-तीनदा पूर्ण दाबतात. नव्या पाट्याला जे काही बसायचे असते ते तेव्हाच बसून जाते. मग खरी मोजणी सुरू होते: मधोमध पन्नास किलो, शंभर, दीडशे, असा भार वाढवत न्यायचा आणि प्रत्येक वेळी उंची लिहायची. चारशेपर्यंत गेले की थांबायचे नाही. तोच भार त्याच पायऱ्यांनी उतरवायचा आणि पुन्हा उंची लिहायची.

उतरतानाचे आकडे कशाला हवेत? कारण ते चढतानाच्या आकड्यांशी जुळत नाहीत. पत्त्यांचा कॅट वाकवला की पत्ते एकमेकांवरून सरकतात. पाटेही तसेच सरकतात, आणि सरकताना घासतात. भार वाढवताना हे घर्षण पाट्याला दबू देत नाही, भार उतरवताना परत उठू देत नाही. वरच्या उदाहरणातली चळत तीनशे किलोला चढताना ६.७ सेंटीमीटर आणि उतरताना ७.५ दाखवील, खरा आकडा मधला, ७.१. कागदावर दोन रेषा निघतात, त्यांच्यामध्ये एक लांबट फट राहते. रेट म्हणजे मधल्या रेषेचा चढ, आणि घर्षण म्हणजे त्या फटीची रुंदी. नुसते चढतानाचे आकडे घेऊन रेट लिहिणाऱ्याने पाटा मोजला आणि गंजही मोजला, पण दोन्ही एकाच आकड्यात कोंबले.

जुन्या मोटारींत हे घर्षण दुधारी होते. थोडे असले तर खळग्यानंतरचे झोके लवकर थांबत, कारण त्या काळी निराळे शॉक अब्सॉर्बर बहुतेक गाड्यांना नव्हते. जास्त झाले तर लहान खड्ड्यांवर पाटा हलतच नसे आणि गाडी नुसत्या टायरवर उड्या मारत चाले. म्हणून चांगल्या गाड्यांच्या पाट्यांना ग्रीस भरून चामड्याचे मोजे शिवत असत.

चळत गाडीखाली गेली की आणखी एक बदल होतो. यू-बोल्टांनी आवळलेला मधला भाग वाकत नाही. शंभर सेंटीमीटरच्या पाट्यातले दहा सेंटीमीटर पूर्ण जखडले असे धरले, तर उरलेल्या नव्वदाचा रेट सदतीस टक्क्यांनी जास्त निघतो. प्रत्यक्षात ही जखडण अर्धवट असते, त्यामुळे अभियंते त्या लांबीचा काही भागच वजा करतात. तरी मोकळ्या चळतीचा आकडा आणि आवळलेल्या चळतीचा आकडा एक समजू नये. कोणता मोजला ते लिहून ठेवले नसेल तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही.

कार्यशाळा नसली तरी मोजणी अडत नाही, आणि पारशिवनीसारख्या ठिकाणी हीच पद्धत कामाची. धान-कापसाच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाके चढवून वजन घ्यावे, मग मागची. त्यातून चाके आणि अ‍ॅक्सल यांचे वजन वजा करावे, कारण ते पाट्याच्या खाली असते, पाट्यावर नसते. मग गाडी सपाट जागी उभी करून अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. जमिनीपासून मोजू नये. टायरही दबतो आणि त्याचा दबाव स्प्रिंगच्या हिशेबात घुसतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर पन्नास-पन्नास किलोची चार पोती ठेवावी. प्रत्येक पोत्यानंतर गाडीला दोन-तीनदा खाली दाबून सोडावे, म्हणजे घर्षणाने धरलेला पाटा आपल्या जागी येतो. दोनशे किलो दोन पाट्यांवर वाटले, म्हणजे प्रत्येकी शंभर. रेट ४२ असेल तर अंतर सुमारे २.४ सेंटीमीटरने कमी झालेले दिसेल. एक बाजू २.४ आणि दुसरी १.९ निघाली, तर दोन पाट्यांतला एक कुणीतरी कधीतरी बदललेला आहे किंवा गंजून धरलेला आहे.

एवढे मोजले. आता कोणता रेट चांगला? इथे भाराचा प्रश्न संपतो आणि माणसाच्या शरीराचा प्रश्न सुरू होतो. गाडी स्वतःच्या वजनाने पाट्यावर जितके सेंटीमीटर बसलेली असते, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि ३०० ला त्याने भागावे. मिनिटाला किती झोके होतील ते मिळते. ७.१ सेंटीमीटरला सुमारे ११२ झोके. ११ सेंटीमीटरला ९०. मिनिटाला ६० झोके हवे असतील तर पाटा २५ सेंटीमीटर दबावा लागतो. बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच ओळखले की चालणाऱ्या माणसाच्या पावलांची जी लय, तीच गाडीच्या झोक्याची असावी. जन्मभर चालत आलेल्या शरीराला ती सवयीची असते. म्हणून त्यांनी आपल्या गाड्यांना इतरांपेक्षा पुष्कळ मऊ स्प्रिंगा दिल्या. मऊ स्प्रिंगा दिल्या की झोके आवरायला वेगळे साधन लागते. फ्रान्सचे त्रुफो आणि अमेरिकेचे हार्टफर्ड यांचे घर्षणाच्या चकत्यांचे शॉक अब्सॉर्बर त्याच काळात आले. ताठपणा आणि घर्षण ही दोन कामे एकाच चळतीवर टाकण्याची सक्ती तेव्हापासून कमी होत गेली.

पुढच्या आणि मागच्या पाट्यांचे प्रमाण ठरायला आणखी तीस वर्षे जावी लागली. जुन्या गाड्यांत पुढचे पाटे ताठ ठेवत, कारण स्टिअरिंग थरथरू नये आणि ब्रेक दाबल्यावर अ‍ॅक्सल पिळवटू नये. मॉरिस ऑली हे रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंता. त्यांनी १९३२ मध्ये कॅडिलॅकच्या एका मोठ्या गाडीला पुढे-मागे सरकवता येतील अशी वजने जोडून तपासणी केली. निष्कर्ष उलटा निघाला: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्ड्यात आधी पुढचे चाक जाते, मागचे नंतर. मागचा झोका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो, आणि गाडी होडीसारखी न डुलता सपाट वर-खाली होते. पण पुढे पाटे ठेवून इतका मऊपणा साधत नव्हता, म्हणून १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने पुढचा अखंड अ‍ॅक्सलच काढून चाके स्वतंत्र केली आणि तिथे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणल्या.

गुंडाळीच्या स्प्रिंगचे मोजमाप थोडक्यात असे: तिचा रेट तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, गुंडाळीच्या व्यासाच्या घनाने कमी होतो आणि वेढ्यांच्या संख्येने भागला जातो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेबारा मोजली तर रेट अठरा टक्क्यांनी चुकतो, आणि रंगाचे दोन-तीन थर मिळून एवढी चूक सहज होते. मुंबईच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट-पद्मिनीच्या पुढे गुंडाळी होती आणि मागे पाटेच होते. घर्षण मात्र गुंडाळीला जवळजवळ नसते.

भारतीय रस्त्यांनी या हिशेबात आपली भर घातली. विलायती कारखाने वसाहतींसाठी जी मॉडेले पाठवत, त्यांची उंची जास्त आणि स्प्रिंगा भक्कम असत. भक्कम म्हणजे काय? अनेकदा नुसती पाट्यांची संख्या किंवा जाडी वाढवलेली, म्हणजे ताकदीबरोबर ताठपणाही वाढवलेला. खराब रस्त्याला लागतो तो वाव: पाटा भाराखाली बसल्यानंतर अ‍ॅक्सलला चासीवर आदळेपर्यंत किती सेंटीमीटर मोकळीक उरते, हे. तो वाव लांब पाट्याने मिळतो. रस्त्यांकडून या प्रश्नाला उत्तर मिळू लागले ते मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीपासून, आणि १९४३ मध्ये नागपुरातच भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी ठरली तेव्हापासून.

जुन्या गाडीचा मूळ तक्ता मिळत नसेल तर रेट उलट्या दिशेने काढावा लागतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे, ती याचा उत्तम नमुना. दोन टनांच्या आतबाहेरची मोटार चिलखत चढवल्यावर चार टनांच्या वर गेली. मागे जोडचाके आली, स्प्रिंगा वाढल्या. अशा गाडीला साध्या सिल्व्हर घोस्टचा तक्ता लावणे चुकीचे. आधी प्रत्येक अ‍ॅक्सलवरचे वजन, मग चासीखाली उरणारा वाव, मग हवे ते झोके, आणि त्यावरून रेट. रेटवरून जाडी आणि संख्या. शेवटी त्या जाडीला ताण पोलादाच्या मर्यादेत राहतो की नाही याची तपासणी. ताण बसत नसेल तर जाडी वाढवू नये, पाटा लांब किंवा रुंद करता येतो का ते आधी पाहावे.

पाटे नेहमी जोडीने घडवावे आणि जोडीने मोजावे. ठरलेल्या भाराखाली दोघांची उंची जुळली की प्रत्येकावर रंगाची खूण करावी. खुणेशेजारी रेट, मोकळा बाक, भाराखालची उंची आणि मोजणी आवळून केली की मोकळी, या चार गोष्टी लिहाव्या. गाडीवर चढवल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत चळत दाबली जाते आणि यू-बोल्ट सैल होतात. ते पुन्हा आवळून, गाडी सपाट जागी उभी करून, अ‍ॅक्सल ते चासी हे अंतर पुन्हा घ्यावे. नोंदवहीत अंतिम उंची म्हणून हाच आकडा जातो.